पहिल्या डब्यात, हात वर करून

टोलेडोत मुलांच्या डॉक्टरांकडे नंबरची वाट बघत होतो. समोर वेड, त्याची बायको क्रिस्टा आणि तिच्या मांडीवर बाळ. त्यांची मोठी मुलगी टेस आतून पळत आली.

“आई, नर्सने उंची मोजली. आता थीम पार्कमध्ये मला मोठ्या रोलर कोस्टरवर सोडतील.”

“बघ वेड, दोन उन्हाळे बिचारी तिथल्या उंचीच्या पट्टीखाली उभी राहून रडत परत फिरलीय.”

“छानच. पण या खेपेला निवांत जायचं ठरलंय ना आपलं? सकाळी पोहायचं, दुपारी बाळाबरोबर झोपायचं, संध्याकाळी बदकांच्या होड्या.”

“ते करूच की. मी बाळाला घेऊन सावलीत लिंबू सरबत पीत बसते. तुम्ही दोघं जा वर.”

“मीच कशाला? तू जा ना.”

“बाबा, तूच म्हणाला होतास. मी उंच झाले की पहिल्या डब्यात, हात वर करून, आपण दोघं.”

“म्हणालो होतो खरा.”

“शाळेत सगळ्यांना सांगून झालंय माझं.”

“हो का. शाब्बास.”

“अरे, उठून कुठे निघालास?”

“आलोच. नर्सला विचारून येतो, मोजताना हिच्या पायात बूट होते का ते.”