दीड वितीचा प्रवास

(बेंगळूरच्या जे. पी. नगरातलं घर, सकाळचे दहा. पद्मावतीअक्का ग्लोब मांडीवर घेऊन बसल्या आहेत. वरच्या मजल्यावरचा पुण्याचा भाडेकरू उमाकांत फोनपाशी उभा आहे.)

पद्मावती : म्हणजे आत्ता कुठं असेल वादिराज?

उमाकांत : समुद्रावर, अक्का. पॅसिफिकच्या वर कुठेतरी.

पद्मावती : ह्याच्यावर बोट ठेव.

उमाकांत : अक्का, एअरलाइनची बाई फोनवर होल्ड करून आहे.

पद्मावती : स्वल्प थांबेल की ती. आमचे हे ह्या गोळ्यावर जानवं लावून मोजायचे. सॅन फ्रान्सिस्को ते बेंगळूर, दीड वीत. म्हणजे चौदा हजार किलोमीटर म्हणे. रोज मोजायचे, रोज तेवढंच भरायचं.

उमाकांत : माहितीये. मलाही जिना चढून दाखवायला आले होते अण्णा.

पद्मावती : पोचतो कधी?

उमाकांत : मघाशी सांगितलं ना, आज रात्री सिंगापूर, सकाळी मद्रास, आपल्याकडे उद्या दुपारी. सगळं मिळून दीड दिवस. मध्ये त्याला गाठायचं तर फक्त सिंगापूरला. ही बाई म्हणते, तिथल्या काउंटरवर मेसेज ठेवते. वडील गेले, एवढंच.

पद्मावती : मी उडीद भिजत घातलेत. त्याला इडली लागते सकाळी. आता त्याचं काय करू?

उमाकांत : राहू द्या हो ते. मेसेज ठेवायला सांगू ना? त्याला कळायला नको?

पद्मावती : कळून काय करील? कोण कुठल्या माणसाशेजारी पट्टा बांधून रडत बसेल मद्रासपर्यंत. साठीच्या शांतीला येतोय तो, वडलांच्या. खुशीत असेल.

उमाकांत : पण इथे उतरल्यावर अण्णांना शोधेल. ते गेल्या वेळी रेलिंगला टेकून उभे होते.

पद्मावती : शोधू दे. तोवर तरी त्याला वडील आहेत. हे आपले सकाळी पूजेला बसले ते उठलेच नाहीत. मला तर रडूच येईना, उमाकांता.

उमाकांत : पाणी देऊ?

पद्मावती : नको. तिला सांग, निरोप नाही. उद्या तू जा आणायला. आधी त्याच्या हातातली बॅग घे. मग सांग.

उमाकांत : बरं. हॅलो, मॅडम? नो मेसेज. हो, नक्की. थँक यू. ...ठेवला, अक्का.

पद्मावती : सरी, ठीक झालं.

उमाकांत : अजून एक. बाहेर अण्णांचे थोरले भाऊ, भीमाचार्य, घाई करतायत. म्हणतात, धाकट्या भावाला रात्रभर असं ठेवणार नाही, सूर्य मावळायच्या आत न्यायचं. काय सांगू त्यांना?

पद्मावती : थांबायचं म्हणून सांग.

उमाकांत : ऐकायचे नाहीत ते माझं.

पद्मावती : माझं नाव सांग. म्हणावं, ह्यांनी दोन वर्षं वाट बघितली पोराची. आणखी एक दिवस बघतील. तू जा, बर्फ घेऊन ये.