सुरीला वेळ देणारी गोळी

मी मूळचा रत्नागिरीकडचा, खाडीच्या काठचा. माझ्या आवशीच्या माहेरची माणसं जाळी टाकणारी आणि बापसाच्या घरची माणसं डोंगराला भात-नाचणी करणारी, त्यामुळे घरात मासळीचा वास आणि रानाचा वास एकत्र असायचा. शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत, मास्तर चांगले होते पण मला बसवत नव्हतं, आणि त्याची मला लाज नाही. अरबी बोलतो, हिंदी बोलतो, इंग्रजी कळतं पण बोलत नाही, आणि शिसं हातात दिलंत तर ते कसलं आहे ते सांगतो. हसलात ना? हसा, पण तीच गोष्ट सांगायला बसलोय मी. चहा घ्या, गार होईल.

आमच्या बापसाकडे ठासणीची बंदूक होती, परवान्याची, पिकाच्या राखणीसाठी मिळायची तेव्हा. अजून आहे ती, भावाच्या नावावर, निवडणूक आली की पोलिसात जमा करायची आणि मग परत आणायची, एवढंच तिचं काम उरलंय. ही बंदूक नळीच्या तोंडातून भरतात, आधी दारू ओतायची, मग काथ्याची गुंडाळी, मग गोळी, सगळं गजाने ठासायचं आणि मागे केप, म्हणजे ठिणगीची टिकली, लावायची. एकदा बार काढला की परत भरेपर्यंत जनावर पुढच्या गावात पोचलेलं असतं, म्हणून गोळी एकच आणि सगळा विचार त्या एका गोळीचा. विकत कुठली घेणार, आजोळी जाळ्याला शिशाची वजनं असायची, जाळं कुजलं की ती वजनं आमच्या घरी यायची, बापूस ती पळीत वितळवायचा आणि साच्यात ओतायचा. पण त्याआधी नखाने ओरखडा काढून बघायचा. नख उमटलं तर शिसं मऊ, गोळीच्या कामाचं. नाही उमटलं तर त्यात भेसळ आहे, परत जाळ्याला लाव.

शिकारीला आमची वाडी आणि वरची कुणब्यांची वाडी एकत्र जायची. भेकर, सांबर, डुक्कर, जे हाकाऱ्यात उठेल ते. आता हरणाला हात लावता येत नाही आपल्याकडे, कायदा आहे आणि बरंच झालं, रान तरी कुठे राहिलंय. पण मी सांगतो ते त्याच्या आधीचं, मला मिसरूड फुटत होती तेव्हाचं. डुक्कर मिळालं तर ते सगळं वरच्या वाडीचं, आम्ही नुसते बंदुकीला. भेकर-सांबर मिळालं तर वाटे पडायचे, आणि तिथे एक रीत होती. जनावर गोळीने मेलं तर आम्हाला चालायचं नाही, त्याच्यात जीव असताना सुरी फिरली पाहिजे, अल्लाचं नाव घेऊन. म्हणून वरच्या वाडीचा धोंडूदादा, ताकदीचा गडी, तो पडलेल्या जनावराची शिंगं धरून बसायचा आणि ओरडायचा, मियां, धाव, तुझं मटण चाललं वर. आणि बापूस सुरी घेऊन करवंदीतून धावायचा, लुंगी फाटायची त्याची. धोंडूदादाला सुरीशिवायही चाललं असतं, पण त्याने कधी आमच्या आधी कोयता लावला नाही.

म्हणून बापसाची गोळीच वेगळी. दारू जरा कमी, शिसं मऊ, आणि नेम फऱ्यावर, म्हणजे पुढच्या खांद्यावर. काळजावर मारली तर जनावर लगेच खलास, पोटावर मारली तर दोन डोंगर पळतं आणि हाल होतात. फऱ्यावर बसली की जागेवर बसतं आणि सुरीला वेळ मिळतो. बापूस म्हणायचा, गोळीने पाडायचं, मारायचं काम सुरीचं.

हे सगळं मी विसरलो होतो. विशी ओलांडली आणि मी इथे रियाधला आलो, सुलै भागात टायरच्या गोदामावर लागलो आणि तिथेच राहिलो, आधी माल उचलला, मग माल मोजला, आता किल्ल्या सांभाळतो. मोठा कफील, म्हणजे मला इथे ठेवून घेणारा मालक, गेला, अल्ला त्याला जन्नत देवो, आता त्याचा मुलगा नासर बघतो सगळं. नासर लहान असताना टायरच्या चळतीवरून उड्या मारायचा आणि मी ओरडायचो, म्हणून तो अजून मला या अम्मी म्हणतो, म्हणजे चाचा. माझा मुलगा म्हणतो आता गावी या. मी म्हणतो येईन, मला कोणी आणायला येऊ नका.

तर हा नासर शिकायला अमेरिकेत होता, एका शेतकऱ्याच्या घरी खोली घेऊन. शेतकऱ्याचं नाव वाल्टर, आज माझ्याच वयाचा असेल. तिकडे हरणं इतकी की पिकं खातात, शिकारीचा परवाना मिळतो, हंगाम ठरलेला, आणि त्यातला एक हंगाम म्हणे फक्त ठासणीच्या बंदुकीचा. मी नासरला म्हटलं, चेष्टा करतोस म्हाताऱ्याची? अमेरिकेत ठासणीची बंदूक? तर त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. नळी, खाली गज, सगळं तेच. मला किती दिवस दुसरं काही सुचेना, दारू कसली घालतात, केप कुठे लावतात, नासर कामाचं बोलायला यायचा आणि मी त्याला हेच विचारायचो.

मग त्याने त्याचा घोर सांगितला. वाल्टर हरण आणायचा, त्याची बायको शिजवायची, आणि नासर त्या टेबलावर ब्रेड आणि बटाटे खायचा, कारण ते जनावर हलाल नव्हतं. वाल्टरने कधी जोर केला नाही. पण दर वेळी ताट नासरपुढे सरकवायचा, जरा थांबायचा, आणि आपणच मागे घ्यायचा. नासर परत आला, लग्न झालं, पोरं झाली, पण मधून मधून वाल्टरकडे जातोच. आता वाल्टरची बायको वारली. मागच्या हिवाळ्यात वाल्टर त्याला म्हणाला, माझे गुडघे गेले, पुढच्या वर्षी शेवटचं रानात जाईन, तू ये, तूच मार, तुमच्या पद्धतीने मार, पण एकदा माझ्या टेबलावर माझ्या रानातलं हरण खाऊन जा.

नासरने त्याच्या शेखला विचारलं होतं. शेख म्हणाले, अल्लाचं नाव घेऊन गोळी झाडली आणि ती भोसकून गेली तर चालतं, नुसतं चेचून मारलं तर नाही. आमच्याकडचे मौलवी तेवढंही मानत नव्हते. मी म्हटलं, नासर, सुरी पोचली तर कोणाला विचारायलाच नको. तो म्हणाला, मला तेच हवंय, त्या टेबलावर बसून माझ्या मनात शंका नको. मग कुठली गोळी?

दुकानात गोळ्या होत्या तिकडे, तांब्याच्या, बाहेरून प्लास्टिकची टोपडी. किंमत ऐकून मी म्हटलं, एका गोळीच्या पैशात इथे बत्हाच्या बाजारात दोन माणसं पोटभर जेवतात. वाल्टरचंही तेच म्हणणं निघालं. त्या गोळ्या विकणारे चोर आहेत म्हणाला. तेव्हा मला तो माणूस आवडला, कंजूष आहे, माझ्यासारखाच.

असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची, नमाज झाली की नासर गोदामात यायचा आणि फोन लावायचा. तिकडे सकाळ असायची, वाल्टर कॉफी घेऊन बसलेला, टोपी घरातसुद्धा डोक्यावर. मी अरबीत बोलायचो, नासर इंग्रजीत सांगायचा. मी म्हटलं, गोल गोळी घ्या, कापडात गुंडाळून ठासा, आमच्या बापसाने जन्मभर तेच केलं. वाल्टर म्हणाला, या बंदुकीतून ती जाणार नाही सरळ. मी म्हटलं, जाईल. तो म्हणाला, नाही. मी म्हटलं, त्याला विचार त्याच्या बापाने कधी सांबर पाडलं होतं का. नासरने ते काही त्याला सांगितलं नाही, मला कळतं तेवढं इंग्रजी.

चार दिवस मी फोनवर आलोच नाही. पण डोक्यातून जाईना. सरळ का नाही जाणार? शेवटी मीच नासरला म्हटलं, लाव. वाल्टरने बंदूक उघडली आणि नळीत बत्ती धरून मला आतलं दाखवलं. आत आटे होते, फिरत गेलेले, नटाच्या आत असतात तसे पण लांब लांब. आमच्या बापसाची नळी आतून गुळगुळीत. वाल्टर म्हणाला, हे आटे गोळीला फिरवतात, गोल गोळी त्यांना धरून राहत नाही, सुटते आणि कुठेही जाते, इथे लांबुडकी गोळी लागते. मी बराच वेळ त्या नळीत बघत होतो. पाऊण शतक होत आलं मला, बंदुकीच्या पोटात असं काही असतं ते माहीत नव्हतं. ठीक आहे म्हटलं, लांबुडकी तर लांबुडकी. पण शिसं?

मी आमच्या यार्डातून दोन तुकडे आणून ठेवले होते, एक चाकाच्या बॅलन्सिंगचं वजन आणि एक जुन्या केबलवरचं शिसं. पहिल्यावर नख घासलं, काही नाही. दुसऱ्यावर घासलं, पांढरी रेघ उमटली. मी फोनपुढे धरून नासरला म्हटलं, सांग त्याला, असं पाहिजे. नासरने तोंड उघडायच्या आधी वाल्टरने टेबलाच्या खणातून त्याच्या हातची ओतलेली गोळी काढली, चष्मा वर केला आणि फोनपुढे तिच्यावर नखाने रेघ मारली. काय सांगू तुम्हाला, तीच पांढरी रेघ. त्याचं शिसंही फुकटचं होतं, एका जुन्या घराच्या छपरातून काढलेलं.

एका गोष्टीवर मात्र आमचं भांडणच झालं. तो म्हणायचा, एका गोळीत जीव गेला पाहिजे, जनावराला तडफडायला ठेवणं पाप आहे. मी म्हटलं, आम्हीही ठेवत नाही, म्हणून तर धावतो. त्याने विचारलं, किती जवळून मारता? मी म्हटलं, या गोदामाच्या दारापासून त्या तराजूपर्यंत. तो हसला, म्हणाला तेवढं जवळ हरण येईपर्यंत नासर थंडीने गोठेल. मग विचार करून म्हणाला, फऱ्यावर, वरच्या अंगाला, आणि नासर जवळच्या झाडाखाली बसेल, लांबून मारायचंच नाही. गोळी ठरली, दारू ठरली, नेम ठरला.

आता माझी एक खोड आहे, आमच्या सगळ्यांचीच आहे. बिस्किटाचा पुडा असला तरी आधी विचारायचं, यात चरबी कसली? मला वाचता येत नाही म्हणून दुकानात कोणालाही धरून पुड्यावरचं वाचायला लावतो, सुट्टीत गावी गेलो की माझी नात लाजते. तर वाल्टर दाखवत होता की गोळी भरायच्या आधी तिला ओशट काहीतरी चोपडतात, नळीत सरकावी आणि काजळी धरू नये म्हणून, आणि त्याची गोळी पिवळट चकाकत होती. मी सहज विचारलं, हे काय लावलंय? मेण म्हणाला, मधमाश्यांचं. आणि? नासरने विचारलं. वाल्टर काहीतरी बोलला आणि नासरने ते अरबीत केलंच नाही.

मला तो शब्द कळला होता. डुकराची चरबी. घरचीच म्हणाला वाल्टर, बायको असताना काढून ठेवायची.

म्हणजे बघा, शिसं निवडलं, दारू तोलली, सुरीला वेळ ठेवला, शेखला विचारलं, आणि ती गोळी डुकराच्या चरबीत लडबडून हरणाच्या अंगात जाणार होती. नासरचा चेहरा उतरला. म्हणाला, या अम्मी, आता त्याला कसं सांगू, तिच्या हातचं आहे ते. मी म्हटलं, मी सांगतो. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी इंग्रजी बोललो, मोडकंतोडकं. म्हटलं, वाल्टर, पिग नो. बी ओके, म्हणजे मधमाशी चालेल. ऑइल.

तो समजला. त्याने बायकोच्या हातच्या त्या चरबीच्या डबीचं झाकण लावलं, ती वर फळीवर ठेवली आणि विचारलं, कुठलं ऑइल? आमच्याकडे बापूस मेणात खोबरेल घालायचा. पण नासर म्हणाला, जैतूनचं तेल मी घेऊन येतो, आईच्या घरचं, उत्तरेकडच्या जौफवरून येतं. वाल्टरने मेण द्यायचं कबूल केलं. मी म्हटलं, साचा धू म्हणावं, नळी धू, हात धू, नवं फडकं घे. त्यावर तो नासरला काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, हा म्हातारा माझ्या आईपेक्षा वाईट आहे. पण धुतलं सगळं, मला फोनवर दाखवून धुतलं.

नासर गेला तेव्हा मी गोदामात बसलो होतो, पण जीव तिकडे. काय होतंय, मेण-तेल त्या थंडीत चालेल की दगड होईल, हरण फऱ्यावर घेता येईल का, की हा शहाणा घाई करील. दोन दिवस फोन नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला तो वाल्टरच्या स्वयंपाकघरातून. नासर म्हणाला, झाडाखाली बसलो होतो, हरण आलं, नाव घेतलं, बार काढला, धूर झाला आणि काहीच दिसेना. धुरातून धावलो. ते खाली बसलं होतं, या अम्मी, मान वर होती. मी सुरी काढली. मागून वाल्टर आला, त्या गुडघ्यांनी, काठी टाकून आला, आणि त्याने शिंगं धरली.

मी विचारलं, सुरी? म्हणाला, पोचली. धोंडूदादा आठवला मला, पण ते नासरला काय सांगणार.

मग नासरने फोन बरणीला टेकवून ठेवला आणि मला सगळं टेबल दिसलं. मांस नासरनेच शिजवलं होतं, कांदा घालून. वाल्टरने ताट वाढलं, नासरपुढे सरकवलं आणि जरा थांबला. आणि बघा, इतक्या वर्षांची सवय, ताट मागे घ्यायला त्याचा हात आपसूक पुढे आला. नासरने ताटाची कड धरून ठेवली. वाल्टरने हात मागे घेतला, टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. नासर जेवला. वाल्टर स्वतः जेवला नाही, नुसता बघत बसला.

मी विचारलं, कसं लागतं? नासर म्हणाला, जरा चिवट आहे. म्हटलं, म्हातारं हरण असेल, आमच्यासारखं.

आता नासर नसला तरी वाल्टरचा फोन येतो मधेच, त्याला माझी भाषा नाही, मला त्याची नाही. तो काहीतरी दाखवतो, शेत, बर्फ, नवा साचा, मी त्याला टायर दाखवतो. गुडघ्याकडे बोट करून तोंड वाकडं करतो तो. अल्ला त्याच्या गुडघ्यांना बळ देवो, अजून एक हिवाळा तरी चालू देत. माझ्या गुडघ्यांचं मी बघून घेईन.