मागच्या स्पीकरातला पाऊस

होम थिएटरच्या गप्पा मारताय म्हणून सांगतो, तो आवाज खरा ऐकला फक्त आमच्या सुनीलच्या वडिलांनी, अण्णांनी!

डीव्हीडी नवीन होती तेव्हाची गोष्ट. दिंडोरीला त्यांची द्राक्षबाग, माल काढणीला आलेला. अशात पावसाचा शिडकावा झाला तरी मणी तडकतात. सुनीलच्या हौसेखातर मी नाशिकहून स्पीकर जोडायला गेलो. पुढे तीन, मागे दोन, कोपऱ्यात बेसचा डबा. भर दुपारी पडदे ओढले, अण्णांना मधोमध खुर्चीत बसवलं आणि सेटबरोबर आलेली नमुन्याची डीव्हीडी लावली.

आधी लांबून गडगडाट. मग मागून टपटप सुरू झाली, आणि बघता बघता अख्खी खोली पावसात! माझ्या अंगावर काटा आला. म्हटलं, "अण्णा, कसं वाटतंय?"

खुर्ची रिकामी. अण्णा अनवाणी बागेकडे पळत सुटलेले. आम्हीही मागे धावलो. बाहेर लख्ख ऊन, आणि अण्णा घडाखाली हात धरून उभे. हात कोरडा.

"अण्णा, पाऊस त्या स्पीकरात होता," सुनील म्हणाला.

अण्णा घरात आले. मागच्या स्पीकरवरून हात फिरवला. तोही कोरडा.

मग हळूच सुनीलला म्हणाले, "यात गारा हायेत का रं?"

"नाय, अण्णा."

"मग लाव पुन्हा. मालाचा घोर नसला की पाऊस कसा वाजतो, ते जन्मात ऐकलं नाय."