गूळ विरघळेपर्यंत

सन्माननीय अध्यक्षसाहेब, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, आज ज्यांच्यासाठी हा हार आणला त्या सीताबाई नाटेकर, संस्थेचे पदाधिकारी, समोर बसलेल्या माझ्या आयाबायांनो, भावांनो, मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या मंडळींनो आणि खुर्च्यांखालून पळणाऱ्या पोरांनो, सर्वांना या म्हाताऱ्या सुताराचा नमस्कार.

चिटणीसांनी मला बजावलं आहे, "आप्पा, थोडं बोला आणि गोड बोला." थोडं जमेल असं वाटत नाही. गोडाची मात्र सोय करून आलो आहे. आत येताना दारात माझ्या सुनेने प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. काहींनी तो लगेच तोंडात टाकला, ते मी इथून पाहिलं. त्यांना दुसरा मिळेल. ज्यांनी ठेवला आहे त्यांनी तसाच ठेवा. कशाला, ते पुढे सांगतो.

मी शिकलेला माणूस नाही. चौथीनंतर शाळेने मला सोडलं की मी शाळेला, हे अजून ठरायचं आहे. आयुष्यभर आंब्याच्या पेट्या ठोकल्या. वाणी-उपचार हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, वाण्यांसाठी काहीतरी सरकारी योजना असेल. ब्याऐंशी साली बाई माझ्या छपराखाली आल्या आणि म्हणाल्या, "गुडघ्याएवढ्या खुर्च्या करून हव्यात."

मी विचारलं, "बाहुलीचं लग्न आहे का?"

"नाही. मुलं बसून बोलायला शिकतील."

मी म्हटलं, "बाई, बोलायला शिकवायला तुम्ही रत्नागिरीत आलात? अहो, इथे गप्प बसायला शिकवणारा माणूस हवा!"

त्या हसल्या. म्हणाल्या, "तेच शिकवायला आलेय."

मला वाटलं, बाईंनी थट्टेला थट्टा केली. पाच वर्षांनी आज इथे उभा आहे, तेव्हा कळतंय की ती थट्टा नव्हती.

संस्थेने बाईंना एक खोली दिली. त्या खोलीत काय चालायचं? हर्ण्याची चिमा यायची. जन्मतः टाळू फाटलेली. मुंबईला शस्त्रक्रिया झाली, टाळू शिवली गेली, पण शब्द सगळे नाकातून यायचे. बाईंनी परातीत पाणी भरलं आणि मला सांगितलं, "आप्पा, बोटाएवढ्या होड्या करा." पेटीच्या उरल्या फळीतून मी होड्या केल्या. चिमाने फुंकर मारून होडी या काठावरून त्या काठावर न्यायची. पहिले काही महिने होडी हलेना. आजूबाजूला शिडं-इंजिनं पाहत वाढलेली कोळ्याची पोर ती, रडायची नाही, होडीलाच दम भरायची. ज्या दिवशी होडी परातीच्या पलीकडच्या काठाला लागली, त्या दिवशी तिचा बाप, मचवा हाकणारा सहा फुटी तांडेल, दाराबाहेर जाऊन डोळे पुसून आला आणि आम्हाला म्हणाला, "धूर गेला डोल्यात." दाराबाहेर चूल नव्हती.

पण आज मला बोलायचं आहे ते सहदेवबद्दल. सहदेव माझा मेहुणा, बायकोचा भाऊ. तिकडे चौथ्या रांगेत, कडेला बसलाय. मान वळवून बघू नका, त्याला ते आवडत नाही.

तीन वर्षांपूर्वी त्याला लकवा झाला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. गेली म्हणजे सगळी गेली असंही नाही. एकच शब्द उरला, कोयता. चहा हवा, कोयता. ऊन लागतंय, कोयता. भेटायला आलेला पाहुणा विचारी, "कसं काय सहदेवराव?" हा त्याच्याकडे रोखून बघत म्हणे, "कोयता!" पाहुणा चहा न घेताच उठे. आपण हसलात. आम्हीही हसायचो. पण डोक्यात सगळं जागच्या जागी असलेल्या माणसाला लोक आपल्यावर हसताना दिसत असतात, हे बाईंनी सांगितल्यावर आमचं हसू गेलं.

बाईंनी त्याच्या बायकोला, हौसाला, विचारलं, "यांना तोंडपाठ काय काय यायचं?"

हौसा म्हणाली, "पाठ? शिव्या, नि गाऱ्हाना."

"शिव्या येतील आपसूक. गाऱ्हाणं धरू या."

अध्यक्षसाहेब, आपण घाटावरचे, म्हणून दोन शब्द सांगतो. आमच्याकडे गावाच्या वतीने देवासमोर नारळ धरून मागणं मागतात, त्याला गाऱ्हाणं म्हणतात. एकाने एकेक ओळ बोलायची आणि प्रत्येक ओळीला जमलेल्या गावाने म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" गाऱ्हाणं घालायचा मान ठरलेल्या घराचा असतो. आमच्या वाडीत तो सहदेवच्या घराचा. आजा, बाप आणि मग हा. बाकी मिरवण्यासारखं त्या घरात काही नाही, हे मी त्या घरचा जावई म्हणून सांगू शकतो.

मग बाई त्याच्यासमोर बसायच्या. त्याने "बा म्हाराजा" म्हणायचं आणि बाईंनी एकटीने गाव व्हायचं. ओळ पुरी झाली की "व्हय म्हाराजा". पुरी झाली नाही तर बाई गप्प. तो घामाघूम व्हायचा, बाई गप्प. आमच्या हौसाच्याने हे बघवेना. त्याने तोंड उघडलं की ती वाक्य पुरं करून मोकळी! तेव्हा बाईंनी तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. "तोंडात धरा. हा विरघळेपर्यंत वाक्य त्यांचं."

हौसा म्हणाली, "आनि चावला तर?"

"चावलात तर दुसरा देईन आणि पहिल्यापासून थांबायला लावीन."

त्या घरात त्या वर्षी गूळ एवढा लागला की वाण्याने विचारलं, बाळंतपण कोणाचं आहे?

आणि सहदेव बोलू लागला. पूर्वीसारखा झरझर नाही. चिऱ्यांच्या पायऱ्या चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखा, एकेक शब्दावर टेकत. पण स्वतःच्या पायाने. पुढे तर गाऱ्हाण्यात त्याने आपली एक नवी ओळ घातली. बाईंची ही खोली जाणार, अशी कुजबुज तेव्हा सुरू झाली होती. सहदेव मला म्हणाला, "भावजी, बायची खोली... देवाजवळ... मागनार." ती ओळ तो गाई चारताना घोकायचा. गाई ऐकून घ्यायच्या. गाईंना घाई नसते.

गेला शिमगा उजाडला. सकाळची वेळ, पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, बसलेली, चाकरमानी मुंबईहून आलेले. अध्यक्षसाहेब, आपणही आमंत्रणाला मान देऊन आलात, फेटा बांधून माझ्या शेजारी उभे राहिलात. सहदेवने डाव्या हातात नारळ धरला. पहिली ओळ आली, "व्हय म्हाराजा". दुसरी आली. तिसरीला जरा अडला, पण आली. हौसाच्या तोंडात गूळ होता, मला तिचा गाल दिसत होता. मग तो आपल्या ओळीवर आला. "आनि म्हाराजा... आमची बाय... बोलाची बाय... तिची जी खोली हाय... ती..."

तिथे शब्द अडला. मला ठाऊक होतं, तो येणार होता. ओठावर आला होता.

आणि सगळा गाव एका आवाजात गरजला, "व्हय म्हाराजा!"

कोणी वाईट बुद्धीने नव्हे. कोणाला कीव आली, कोणाला ऊन लागत होतं, कोणाला दुसऱ्या वाडीत पालखी न्यायची होती. चुलतभाऊ महिपत पुढे झाला, त्याच्या हातातून नारळ घेतला आणि प्रेमाने म्हणाला, "पुरं झाला दादा. देवाला कळला." आणि राहिलेलं गाऱ्हाणं धडाधड म्हणून मोकळा झाला. वाजंत्री सुरू झाली. महिपत छान बोलतो. यंदापासून तोच बोलणार, असं गावाने ठरवलंही.

साहेब, त्या दिवशी आपणही "होय महाराजा" म्हणालात, आणि खणखणीत म्हणालात. घाटावरच्या माणसाला पहिल्याच खेपेला जमलं म्हणून लोकांनी कौतुक केलं. मी एवढंच विचारतो, लहान तोंडी मोठा घास आहे, पण आपण कशाला होय म्हणालात? देवाला कळलं असेल हो. देव अंतर्यामी. खोलीची किल्ली मात्र देवाकडे नव्हती.

पुढे आपल्याच अध्यक्षतेखाली संस्थेची बैठक झाली. खोली टंकलेखनाच्या वर्गाला द्यायचं ठरलं. कारण असं कळलं की इथे रुग्ण थोडे आणि एकेकाला वेळ फार लागतो. खरं आहे. वेळ फार लागतो. टाइपरायटरला लागत नाही. बोट दाबलं की अक्षर उमटतं, अडखळत नाही, घाम येत नाही. परवा शिपाई निरोप घेऊन आला, "आप्पा, तुमच्या बुटक्या खुर्च्या घेऊन जा, टायपिंगच्या पोरांचे गुडघे मावत नाहीत." घेऊन आलो. आता त्यांच्यावर कोंबड्या बसतात. चिमाच्या बापाला सांगितलंय, पुढच्या उपचाराला मुंबईला जा. तो म्हणाला, "आनि होडी कोन वल्हवील?"

आणि सहदेव? तो आता बोलत नाही. बोलता येतं, पण बोलत नाही. हौसाने काही विचारलं तर दोनच शब्द म्हणतो, "तुमीच बोला." वैद्याने दृष्टी आणून दिली आणि घरच्यांनी दिवा विझवला, तशातली गत. बाई, तुम्ही त्याला बोलायला शिकवलंत. आम्हाला थांबायला शिकवायला तुम्हाला आणखी काही वर्षं द्यायला हवी होती. आम्ही तुम्हाला शाल दिली.

शाल चांगली आहे. नारळही चांगला आहे. बाई, तो नारळ जरा माझ्याकडे द्या.

आता आवरतो. संस्थेने मला बोलायला उभं केलं, आपण एवढा वेळ ऐकून घेतलंत, त्याबद्दल सर्वांचा मनापासून आभारी आहे. म्हातारपणी जीभ सैल होते. कोणाच्या मनाला काही लागलं असेल तर चूक पदरात घ्या. रंधा मारताना कधी कधी फळीच्या गाठीवर जोर पडतो.

फक्त एक विनंती. तो गुळाचा खडा आता तोंडात धरा. साहेब, आपणसुद्धा. चावू नका.

सहदेव, ये बाबा, वर ये. ती ओळ राहिलीय तुझी. खोली गेली, ठाऊक आहे मला. बाई उद्या सकाळच्या गाडीने जाणार, तेही ठाऊक आहे. देवही इथे नाही. पण ज्यांनी अर्ध्या वाक्याला होय म्हटलं, ते बरेचसे इथे आहेत.

हा नारळ धर. येशील की नाही, बोलशील की नाही, तुझी मर्जी. मी माझा खडा तोंडात टाकतो.