हाड जुळेपर्यंत

(दुपार. वस्तीचा रखवालदार बहिणीच्या घरी आला आहे. तिचा नवरा, सुतार, फळीच्या भिंतीपलीकडे हत्यारं भरतो आहे.)

रखवालदार : …पण ताई, घर विकायचं कशाला? कुलूप लावून जा. वाटलं तर परत याल.

ताई : ट्रंकेचं तिकडचं टोक धर. ओढ दोरी. जेवला नाहीस का?

रखवालदार : लाँच चारला सुटते. अजून विचार करता येईल.

ताई : विचार तू करायचा होतास. वर्षापूर्वी.

रखवालदार : दुकानदाराचा हात मोडला होता भाऊजींनी.

ताई : मोडला. रागाच्या भरात मोडला, मी कुठे नाही म्हणते? पण इथली रीत काय? मारणाऱ्यानं हाड जुळेपर्यंत दुसऱ्याचं काम ओढायचं. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता हे आपणहून त्याच्या दुकानाच्या फळ्या काढत होते. तिथून तू यांना उचललंस आणि लाँचवरच्या पोलिसांच्या हवाली केलंस.

रखवालदार : दुसरं कुणी असतं तर नसतं केलं.

ताई : तेच तर.

रखवालदार : लोक म्हणाले असते, भाऊजींना पाठीशी घातलं.

ताई : कोण लोक? चाळीस घरं. सगळी एकमेकांची मामा-मावशी. नात्यात नसलेला गुन्हेगार आणणार कुठून? तक्रार नाही असं सांगायला दुकानदार स्वतः आला होता ना तुझ्याकडे?

रखवालदार : आला होता. पण मी रिपोर्ट लिहून बसलो होतो. वाटलं, पंधरा दिवसांत सुटतील.

ताई : आठ महिने. त्यात सासूबाई गेल्या. निरोप न्यायला पुढची लाँच नऊ दिवसांनी. मुलाच्या जागी खांदा तू दिलास.

रखवालदार : मला झोप लागत नाही, ताई.

ताई : लागू नयेच.

रखवालदार : एकदा बोलू दे भाऊजींशी.

ताई : बोल की. ऐकतायत ते. फळीला कान लावायचीही गरज नाही.

रखवालदार : भाऊजी, चुकलं माझं. म्हणाल तर रखवाली सोडतो. पण जाऊ नका.

सुतार : सोडू नकोस. काम चोख करतोस तू.

रखवालदार : टोचून बोला. चालेल मला.

सुतार : टोचत नाही रे. दुकानदाराचं नि माझं केव्हाच मिटलं. काल येऊन वाटेसाठी बिस्किटांचे पुडे देऊन गेला. त्याच्या बायकोनं पोती ओढली, मी कोठडीत होतो तेव्हा. ते तेवढं राहून गेलं माझ्याकडून.

रखवालदार : मग थांबा ना. कशासाठी जाताय?

सुतार : इथं रोज तू दिसशील. तुला शिव्या द्याव्याशा वाटत नाहीत, आणि घरात ये असंही म्हणवत नाही. असं किती दिवस जगायचं?

रखवालदार : आज मी रखवालदार म्हणून आलो नाही, भाऊजी. मेव्हणा म्हणून आलोय.

सुतार : त्या सकाळी तू लांबून येताना दिसलास, तेव्हा मला तसंच वाटलं होतं. दुकानदाराला म्हटलंसुद्धा, एक कप चहा जास्त ठेव, मेव्हणा येतोय.