पाठीवरचा तांदूळ

न्यू मेक्सिकोत दुसऱ्या महायुद्धात फिलिपिन्समधल्या बातानला जपान्यांनी मैलोन्मैल चालवत नेलेल्या युद्धकैद्यांची स्मृतिपदयात्रा होती. लष्करी फाटकावर तपासणीचं काम माझ्याकडे होतं. रांग लागली होती आणि माझ्यापुढे डेल्फिनाबाई उभ्या होत्या.

"मावशी, गाडी कुठं लावलीत?"

"तुम्ही लोकांनी जागा दाखवली तिथंच. तिथून इथवर येण्यातच अर्धी पदयात्रा झाली!"

"पाठीवर काय आहे?"

"सोळा किलो तांदूळ. ओझं घेऊन चालणाऱ्यांच्या गटात आहे मी. चालून झालं की अन्नछत्राला द्यायचा."

"बाकीचे राजमा आणतात."

"आणू देत की."

"कुणासाठी चालताय?"

"वडलांसाठी. कैदेत मूठमूठ भातावर जगले. सुटून आले, ते घरात तांदळाचं नाव काढू देईनात."

"आणि तुम्ही तांदूळच घेऊन निघालात?"

"शेवटच्या दिवशी म्हणाले, थोडा भात कर."

"मग?"

"घरात दाणा नव्हता. सोड आता, मागं लोक खोळंबलेत."