बटणं अंगठ्याला कळतात

बहीण : ...म्हणून म्हणते, हा टॅब स्टँडवर लाव. बोट टेकवलं की गिटारचा आवाज बदलतो.

दादा : बोटं माझी तारांवर असतात, बाईसाहेब. ती उचलून काचेवर फिरवायची, मग वाजवणार कोण? तुझा चार्जर?

बहीण : सगळे वापरतात.

दादा : हो, आणि सगळे मान खाली घालून उभे असतात! लोक तिकीट काढून येतात आणि समोर काय, तर एक इसम फोनवर जेवण मागवतोय.

बहीण : तुझं ते बटणांचं लोखंडी फळकूट बरं? शिलाई मशीन चालवल्यासारखा पाय मारत असतोस.

दादा : मारतो. तोही अनवाणी. कुठलं बटण ते अंगठ्याला कळतं, म्हणून नजर लोकांकडे राहते. तुझी काच घामेजलेलं बोटसुद्धा ओळखत नाही. मागच्या कार्यक्रमात तू ओढणीला बोट पुसेपर्यंत कडवं संपलं! ज्या दिवशी मला खाली बघावं लागेल ना, त्या दिवशी गिटार पेटीत ठेवीन.

बहीण : मग आत्ता सराव करताना अंगाईत तो कर्कश आवाज कुणी सोडला? ड्रमवाला दचकला बिचारा.

दादा : शेजारचं बटण लागलं. होतं एखाद्या वेळी.

बहीण : तू खाली बघत होतास, दादा.

दादा : छे! उजेड कुठे होता?

बहीण : उजेड नव्हता, तर वाकून काय बघत होतास?

दादा : वकिली पुरे. ते फळकूट पूस आणि दे इकडे. संध्याकाळी कार्यक्रमात बघशील.

बहीण : हे लाल काय लागलंय?

दादा : साउंडवाल्यानं सांडलं असेल काहीतरी. गबाळा आहे एक नंबरचा.

बहीण : दादा, पाय वर कर.

दादा : नाटकं नकोत.

बहीण : कर म्हणते ना!

(तो कुरकुरत पाय खुर्चीवर ठेवतो.)

बहीण : अगं आई गं! तारेचा तुकडा घुसलाय. सकाळी गिटारच्या तारा बदलल्यास ना, त्यातलाच.

दादा : कुठे?

बहीण : कुठे म्हणजे? अंगठ्याखाली. मी धरलाय ना आत्ता.

दादा : ...धरलायस?

बहीण : कधीपासून चाललंय हे?

दादा : साखर वाढली तेव्हापासून. डॉक्टर म्हणाला होता, पाय बधिर होतील. म्हटलं, याला काय कळतंय.

बहीण : मला सांगायचंस की.

दादा : तुला सांगितलं असतं, तर तू तुझी ती काच घेऊन आली असतीस.

बहीण : गप बस. ओढते हं. दुखेल.

दादा : दुखू दे गं. दुखलं तर सांगतो.